दुसरी फेरी

शिंगटेसाहेबांना खोटं बोलता येत नसे. नको असलेल्या माणसाचा फोन आला आणि 'साहेब जागेवर नाहीत' असं मी सांगायला लागले, की ते खुर्चीतूनच मोठ्यानं म्हणायचे, "आहे, कांबळेबाई, आहे. फक्त बोलायचं नाही म्हणून सांगा." पलीकडच्या माणसाला ते ऐकू जायचं आणि मी फोनवर हात ठेवून नुसती बघत राहायची. माझ्या माहितीप्रमाणे आयुष्यात ते एकदाच खोटं बोलले. कुणाशी आणि कशासाठी, हे कळायला मला त्यांच्या हाताखाली दोन वर्षं काढावी लागली.

साताऱ्यात माजी सैनिकांची कामं बघणारं एक लहानसं सरकारी ऑफिस होतं. तिथं मी टायपिस्ट होते. एकाहत्तरची लढाई संपून दीडदोन वर्षं झाली असतील. नवे साहेब म्हणून हवाई दलातले एक विंग कमांडर येणार असं कळलं आणि ऑफिसात गडबड उडाली. लढाईत चार बॉम्बर विमानं घेऊन सरहद्दीपलीकडचा तेलाचा मोठा साठा उडवून आलेला माणूस. पेपरात फोटो आलेला, छातीवर पदक लागलेलं. आमच्या शिपायानं, पवारमामांनी, फाटकाला झेंडूचं तोरण बांधलं. दहा वाजता फाटकात एक किडकिडीत, बुटकासा माणूस सायकलवरून उतरला. पँटीला क्लिप लावलेली. पवारमामा त्यांना म्हणाले, "बाजूला व्हा पाव्हणं, सायब यायचं हाईत." तो माणूस बाजूला झाला आणि पवारमामांच्या शेजारी उभा राहून रस्त्याकडे बघू लागला. पाच मिनिटांनी हळूच म्हणाला, "मामा, तो आलाय. आता आत जाऊ द्या त्याला."

त्याच दिवशी त्यांनी ऑफिसची पहिली गोष्ट बदलली. आमच्याकडे रोज विधवा बायका यायच्या. कुणाचा नवरा चीनच्या लढाईत गेलेला, कुणाचा मुलगा परवाच्या. त्या टेबलासमोर उभ्या राहायच्या आणि आम्ही बसून त्यांना कागद विचारायचो. साहेबांनी आतल्या खोलीतून स्वतःची खुर्ची उचलून आणली, माझ्या टेबलासमोर ठेवली आणि दारात उभ्या असलेल्या म्हातारीला म्हणाले, "बसा." ती बसेना. साहेबही बसेनात. शेवटी दोघांच्या त्या उभं राहण्याला कंटाळून ती बसली. मग ते आमच्याकडे वळून म्हणाले, "आधी खुर्ची, मग कागद. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांना उभं करायचं नाही."

कोरेगावकडच्या शेतकऱ्याच्या घरातले होते ते. लग्न केलेलं नव्हतं. ऑफिसात शुद्ध बोलायचे, पण जुना हवालदार समोर आला की सरळ गावच्या बोलीवर यायचे. "काय रं गड्या, गुडघा काय म्हंतोय?" चहा बशीत ओतून प्यायचे. टेबलावर सहा पेन्सिली, सगळ्या ब्लेडनं स्वतः तासलेल्या, टोकं एकाच दिशेला. पत्राचा मसुदा वापरलेल्या कागदाच्या पाठीवर लिहायचे आणि कधीच चार ओळींच्या वर जायचे नाहीत. मला म्हणायचे, "पाचवी ओळ आली की समजायचं, आपण काहीतरी लपवतोय."

एक सवय मात्र विचित्र होती. माणसं मोजायची. कुठंही चारचौघं मिळून गेलो की निघताना मोजायचे आणि परतताना मोजायचे. एकदा ऑफिसातले आम्ही पाचजण डबे घेऊन यवतेश्वरला गेलो होतो. परतताना साहेबांनी मोजलं, तर चारच. पवारमामा मागं करवंदं तोडत राहिले होते. आम्ही हसत होतो, की येतील मागून, जातात कुठं. साहेब तसेच माघारी चढावर धावत निघाले. मामा वळणावर दिसले, हातात करवंदांचा द्रोण. मला वाटलं, आता ओरडणार. साहेबांनी फक्त त्यांचा दंड धरला आणि खाली रस्त्याला लागेपर्यंत सोडला नाही. मामांना इतकं अवघडल्यासारखं झालं, की धरलेल्या हातातल्या द्रोणातून निम्मी करवंदं सांडून गेली.

त्या हल्ल्याबद्दल ते बोलत नसत. एका पंधरा ऑगस्टला जवळच्या एका शाळेनं त्यांना बोलावलं. मीही गेले होते. हेडमास्तरांनी अर्धा तास भाषण केलं. शत्रूच्या तोफा, आगीचे लोळ, सगळं असं सांगितलं की जणू तेच विमानात होते. मग साहेबांना म्हणाले, "आता मुलांना तुमच्या तोंडून ऐकायचंय." साहेब उठले. "चार विमानं गेली," ते म्हणाले. "सांगितलेलं काम झालं. तीन परत आली." आणि खाली बसले. पोरांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. साहेबांनी शेजारी बसलेल्या मला विचारलं, "बाई, कशाला वाजवतायत हो ती?" ते रागानं विचारत नव्हते. त्यांना खरंच समजत नव्हतं.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मात्र ते साताऱ्यात नसत. शुक्रवारी संध्याकाळी कंदी पेढ्यांचा पुडा आणि चहाची पावडर पिशवीत भरायचे आणि पहाटेच्या गाडीनं मिरजेला जायचे. तिथून दुसरी गाडी पकडून जत तालुक्यात, पार कर्नाटकच्या कडेला असलेल्या एका गावी. त्यांच्या चौथ्या विमानात सिद्राम टेंगले नावाचा नेव्हिगेटर होता. त्याची आई त्या गावात राहते, एवढंच पवारमामांकडून कळलं होतं. ऑफिसात सगळ्यांना त्याचं कौतुक होतं. केवढा मोठा माणूस, आणि हाताखालच्या पोराच्या आईसाठी दिवसभर एसटीचे धक्के खातो.

मग एका दुपारी सिद्रामची बायको, सुमन, आली.

पंचविशीची असेल. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात कोपरापर्यंत नाही पण पुष्कळ हिरव्या बांगड्या. पवारमामांनी खुर्ची पुढं केली. ती म्हणाली, "बसाय न्हाई आले मी. सायबांना भेटायचंय." आतून साहेबांनी तिचा आवाज ऐकला आणि ते बाहेर आले. तिला बघून जागच्या जागी थांबले.

"सुमनताई, तुम्ही? आजी बऱ्या आहेत ना?"

"आत्ती बऱ्या हाईत. मला तुमाला एक विचारायचंय. खरं सांगणार असाल तरच विचारते."

साहेबांनी बाकीच्यांना बाहेर पाठवून दार लावून घेतलं. मी उठले, तर सुमननं माझ्या पदराला हात लावला. "तुमी बसा बाई. कुणीतरी ऐकाय पायजे." म्हणून मी थांबले. त्या दिवशी मी बाहेर गेले असते तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं आहे.

तिच्या हातात एक कागद होता. मिरजेला नर्सिंगच्या शिक्षणासाठी तिचा नंबर लागला होता. पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं. सासू सोडत नव्हती. "आत्ती म्हंत्यात, माजा सिदू कवाबी यील. आला आन घरात बायकू नसली तर त्येला कसं वाटंल? चार वर्सं झाली सायेब. कैदी सुटून आले तवा पेपरात नावं आली. मास्तरांनी तीनतीनदा वाचली. ह्यांचं नाव न्हवतं. आत्ती म्हंत्यात, एकांदा चुकून ऱ्हायला आसंल. कारन तुमी सांगितलंय. इमानातनं उडी मारल्याली, छत्री उघडलेली तुमी डोळ्यानं बगितली."

साहेब टेबलापाशी गेले.

"गावात हळदीकुंकवाला बोलवावं का न्हाई, हे बायकांस्नी कळंना झालंय. बोलावलं तरी तोंड चुकवत्यात. मी कोन हाय तेवढं मला सांगा. सवाशीन का विधवा?"

साहेब टेबलाच्या कडेला हात टेकून उभे होते. त्यांनी एक पेन्सिल उचलली, परत होती तिथं ठेवली. मग म्हणाले, "छत्री नव्हती."

बाहेर रस्त्यावरून रिक्षा गेली. सुमन हलली नाही.

मग त्यांनी सगळं सांगितलं. खाली मान घालून नाही, तिच्याकडे बघत. त्या दिवशी उजाडता उजाडता ते तिथं पोचले, तेव्हा खाली दाट धुकं होतं. तेलाच्या टाक्या दिसेनात. पहिली फेरी तशीच फुकट गेली, बॉम्ब टाकता आले नाहीत. हुकूम असा होता, की दिसलं नाही तर परत या. पण जागेवर काय करायचं ते तुकडीच्या पुढाऱ्यानं ठरवायचं. पुढारी ते होते. वळताना त्यांना धुक्यात एक फट दिसली, टाक्यांची गोल डोकी दिसली. त्यांनी रेडिओवर सांगितलं, की पुन्हा जायचं. "पहिल्यांदा गेलो तेव्हा खालचे लोक झोपेत होते. दुसऱ्यांदा जागे होते," ते म्हणाले. "टाक्या पेटल्या. बाहेर पडताना मी मोजलं. तीनच. मागं वळून बघितलं, तर चौथं विमान पेटलेलं, आणि इतकं खाली की त्या उंचीवरून कुणी बाहेर पडू शकत नाही. ते जमिनीला लागलेलं मी बघितलं, सुमनताई. छत्री नव्हती. एकसुद्धा नव्हती."

"दुसऱ्यांदा गेला नसता तर?"

"तर सिद्राम घरी असता."

"आन?"

"आणि ते तेल राहिलं असतं. त्यानं आपली किती माणसं मारली गेली असती, मला माहीत नाही. माहीत असतं तर बरं झालं असतं."

तिनं हातातल्या कागदाची घडी घातली. मग तिनं विचारलं, "मग आत्तीला तसं का सांगितलं?"

साहेबांचा आवाज तिथं पहिल्यांदा फाटला. "खरं सांगायलाच आलो होतो. दुसरा मुलगा, विमानाचा पायलट, पंजाबातला. त्याच्या वडिलांना जाऊन खरं सांगितलं. ते फौजेतले होते. त्यांनी मला छातीशी धरलं. तुमच्याकडे आलो, तर आजींनी माझ्यासाठी घोंगडं अंथरलं. माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, 'छत्री उघडली का न्हाई तेवढंच सांग लेकरा.' माझ्या तोंडून 'हो' गेलं. गेल्याक्षणी कळलं, की हे आता परत घेता यायचं नाही. पुढच्या महिन्यात सांगू म्हटलं. मग त्याच्या पुढच्या. दर महिन्याला तेच सांगायला येत होतो."

"मी दाराआड हुते," सुमन म्हणाली. "तुमचा तो हो मी ऐकला. त्या दिवशी दोन म्हयन्यांनी मी पोटभर जेवले."

मग ती उठली. खरं म्हणजे ती बसलेलीच नव्हती. पण उठल्यासारखं तिनं अंग सावरलं. "मला सांगितलंत तसं आत्तीला सांगा. मी सांगितलं तर म्हंतील, शिकाय जायचंय म्हनून नवऱ्याला मारती. बाई, तुमीबी चला. कुनीतरी बाईमानूस असू द्या संगं."

त्या शनिवारी आम्ही तिघं गेलो. मिरजेनंतर ऊस संपला. मग नुसती माळरानं, ज्वारीची कापलेली धसकटं, मेंढरांचे कळप. गावाच्या वेशीवर पाण्याचा टँकर उभा होता आणि घागरींची रांग लागली होती. त्या रांगेतूनच लगमव्वा, सिद्रामची आई, हाक मारत आली. उंच, काळीसावळी, कपाळावर गोंदण. "आलं माजं सायेब!" तिनं साहेबांच्या हातातली पिशवी काढून घेतली. माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. ती क्षणभर थांबली आणि मग ज्या तांब्यातून साहेबांना पाणी दिलं त्याच तांब्यातून मलाही दिलं.

घोंगडं अंथरलं. साहेब बसले नाहीत.

"आजी, मी तुमच्याशी खोटं बोललो," ते म्हणाले. "चार वर्षांपूर्वी. छत्री उघडली नव्हती. सिद्राम त्या विमानातच गेला. मी बघितलं."

लगमव्वा पेढ्यांच्या पुड्याची दोरी सोडत होती. ती सोडवत राहिली. मग मान वर करून तिनं आधी सुमनकडे बघितलं, मग साहेबांकडे.

"कुनी सांगाय लावलं तुमाला ह्ये?"

"कुणी नाही, आजी. हेच खरं आहे."

"न्हाई. सरकारला फाइल बंद करायची आसंल. म्हनून तुमाला धाडलं." तिचा आवाज चढला नव्हता. समजूत घातल्यासारखी बोलत होती. "आवं, तवा तुमी लढाईवरनं थेट आला हुता. डोळं लाल हुतं तुमचं. तवाचं मानूस खोटं बोलतंय व्हय? तवा खरं बोलला. आता बोलताय ते खोटं हाय."

"आजी..."

"मला फशिवलं न्हाई तुमी तवा. आता फशिवताय." तिनं पुडा परत बांधला, त्यांच्या पिशवीत ठेवला आणि पिशवी उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवली. "आता येऊ नगा सायेब. माजा सिदू आल्यावर मीच त्येला धाडीन तुमच्याकडं."

साहेबांनी तिथं तीन वेळा तेच सांगितलं. तीनही वेळा खरं, सरळ, चार ओळींत. शेवटच्या वेळी ते जमिनीवर बसले आणि तिच्या पायांना हात लावायला गेले. तिनं पाय मागं घेतले.

सुमननं आतून आपली ट्रंक आणली. सासूच्या पाया पडली. सासूनं डोक्यावर हात ठेवला नाही, पण म्हणाली, "जातीस तर जा. पर बांगडी हितं फोडायची न्हाई. माज्या घरात बांगडी फुटायची न्हाई." मिरजेपर्यंतच्या गाडीत सुमन दोन्ही हात पदराखाली घेऊन बसली होती. साहेब तिच्या पुढच्या बाकावर. साहेबांच्या मानेवर माळाची पांढरी धूळ बसली होती आणि ती पुसायचं त्यांना भान नव्हतं.

सुमन मिरजेला शिकू लागली. तिची पत्रं मला यायची. साहेब पुढच्या दुसऱ्या शनिवारी परत त्या गावी गेले. लगमव्वानं दार उघडलं नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. घरासमोर रस्त्यापलीकडे एक लिंबाचं झाड होतं. त्याखाली ते तासभर बसायचे आणि दुपारच्या गाडीनं परत फिरायचे. गावातल्या लोकांनी आधी चौकशी केली, मग सोडून दिलं. सोमवारी मी विचारायची, "भेटल्या का?" ते म्हणायचे, "घरात होत्या. चुलीचा धूर दिसला." एकदा म्हणाले, "आज उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या. मेंढरू हाकायला." त्या सोमवारी ते जरा बरे वाटले.

मी एकदा धीर करून म्हटलं, "साहेब, आता कशाला जाता? तुम्ही खरं सांगून मोकळे झालात."

"मोकळा?" ते म्हणाले. "बाई, त्या एका 'हो'मध्ये माझा सगळा जीव ओतला गेला होता. खरं सांगायला तेवढा जीव उरलाच नाही."

दीडेक वर्षानं माझी सांगलीला बदली झाली. साहेब निरोप द्यायला स्टँडवर आले. हातात तासलेली एक पेन्सिल दिली, एवढंच. पुढं ऐकलं, की त्यांचं हृदय बिघडलंय, डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय. त्यानंतर ते त्या गावाला जातात की नाही, हे मला कळत नव्हतं.

एकोणऐंशीच्या मे महिन्यात मी सुट्टीवर होते. सुमन तोवर मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स झाली होती. साध्या पांढऱ्या साडीत, मोकळ्या हातांनी माझ्या घरी आली. म्हणाली, "आत्तीला दिसायचं कमी झालंय. डोळ्यांत घालायचं औषध आणलंय. मी गेले तर घेत न्हाईत. तुमच्या हातनं घेतील." म्हणून मी एकटीच त्या गावी गेले.

दुपार होती. गाडीतून उतरून मी घराच्या वळणावर आले आणि थांबले. लिंबाखाली कुणी नव्हतं. घराचं दार उघडं होतं. अंगणात, भिंतीच्या सावलीत, घोंगड्यावर शिंगटेसाहेब बसले होते. इतके वाळलेले, की आधी मी ओळखलंच नाही. मांडीवर पाट, त्यावर कागद. समोर लगमव्वा, डोळे बारीक करून त्यांच्या आवाजाकडे तोंड करून बसलेली.

शेजारच्या बाईनं मला हळूच सांगितलं, की म्हातारीला सरहद्दीपलीकडच्या सरकारला पत्र लिहायचंय. गावात कुणी लिहून देईना. मास्तर हसले, तलाठी हसला. मग एक दिवस तिनं उठून स्वतःच दार उघडलं आणि झाडाखालच्या माणसाला विचारलं, तुमाला विंग्रजी येतंय न्हवं?

"लिव्हा," लगमव्वा सांगत होती. "माज्या लेकाचं नाव सिद्राम बिराप्पा टेंगले. उंच हाय. डाव्या भिवईवर वन हाय, ल्हानपनी दगूड लागल्याला."

साहेब लिहीत होते. एकेक अक्षर थांबून काढत होते.

"लिव्हलं?"

"लिहिलं, आजी."

"त्येला गार पानी सोसत न्हाई. खोकला हुतुया. थंडीत ऊन पानी द्या म्हनावं. आन त्यो स्वताहून कायबी मागायचा न्हाई. लाजतुया. इचारून वाढा म्हनावं."

साहेबांचा एक कागद भरला होता. त्यांनी तो बाजूला ठेवला, त्यावर दगड ठेवला आणि दुसरा कागद पाटावर घेतला. औषधाची बाटली माझ्या हातात तशीच होती. माझ्यानं पुढं पाऊल टाकवेना.

"पुढं सांगा, आजी," ते म्हणाले. "मी लिहितोय."